भिंतीवरचं बटण कुणाच्या नावावर?

गेल्या पावसाळ्यात आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आली. पस्तिशीची, बँकेत नोकरी, पुण्याच्या पश्चिमेला वाढलेल्या नव्या वस्तीत दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नेहमीचे प्रश्न विचारून झाले. मारहाण? नाही. पगार कोण घेतं? माझा मीच. संशय? ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ताई, तो दिवे बंद करतो."

कबूल करते, मला हसू येणार होतं. मी ते दाबलं आणि पुढे ऐकलं.

नवरा नोकरीसाठी बंगळूरला. जाण्यापूर्वी त्याने घरातले सगळे बल्ब बदलून मोबाइलवर चालणारे बसवले आणि हॉलमधल्या बोलक्या स्पीकरला जोडून दिले. "लाइट लाव" म्हटलं की लागतो. शेजारपाजारच्यांनी कौतुक केलं. मग फोनवर भांडण झालं की त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा जाऊ लागला. वाचत बसली तर साडेअकराला अंधार. पहाटे तीनला बेडरूम लख्ख. आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न : "काल दीडपर्यंत हॉलमध्ये उजेड होता, कोण आलं होतं?" जाब विचारला तर "नेटचा प्रॉब्लेम असेल." आईला सांगितलं तर आई म्हणाली, झोप नीट घेत जा.

"मग साधा बल्ब का नाही लावलास?" हा प्रश्न आमच्या बैठकीत आला. हा "मग घर सोडून का नाही आलीस?" याचाच धाकटा भाऊ आहे. तिने लावला होता एकदा. बंगळूरला बसलेल्या माणसाच्या फोनवर तो दिवा 'ऑफलाइन' दिसला आणि त्यावरून चार दिवस अबोला. भिंतीवरच्या बटणांवर तर त्याने आधीच चिकटपट्टी लावली होती. कारण खरंच होतं : बटण बंद केलं की बल्बची वीज तुटते आणि मग स्पीकरला तो सापडत नाही. पण नवऱ्याने बटणावर चिकटवलेली पट्टी, आणि ती काढायची की नाही याची परवानगी मागणारी बायको, हे चित्र नुसतं तांत्रिक नाही.

बैठकीत दुसरा आक्षेप अधिक जोरात आला. हे फ्लॅटवाल्यांचे चोचले आहेत. आपल्याकडे बिल भरलं नाही म्हणून अंधारात बसणाऱ्या बाया येतात, त्यांचं बघा. आक्षेप घेणाऱ्या मैत्रिणीबद्दल मला आदर आहे, पण हा आक्षेप मला मान्य नाही, आणि का ते सांगण्यासाठीच हा लेख.

ऐंशीच्या दशकात पोलीस ठाण्यात 'स्टोव्हचा भडका' ही नोंद किती सहज होई, हे आपल्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींना आठवत असेल. अपघात, घरगुती वस्तू, कुणाचा दोष नाही. तेव्हा चळवळीने विचारलं, स्टोव्ह सुनेच्याच अंगावर कसा भडकतो? सासूच्या का नाही? हा प्रश्न बायका विचारू शकल्या, कारण पंप मारलेला स्टोव्ह कसा चालतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रोज त्यांचाच हात त्यावर होता. आजच्या वस्तूवर तिचा हातच नाही. दिवा का गेला हे तिला सांगता येत नाही, म्हणून ती वेडी ठरते. वस्तू निर्दोष आणि बाई भ्रमिष्ट, ही जोडी आपल्या ओळखीची आहे.

म्हणून ही जोडणी होते कशी, ते सांगते. मीही त्या बाईमुळेच शिकले, केंद्रातल्या एका तरुण कार्यकर्तीला शेजारी बसवून, दोन संध्याकाळी घालवून.

आधी बल्ब घरच्या वायफायला जोडतात. त्यासाठी बल्बच्या कंपनीचं ॲप मोबाइलवर घेऊन, मोबाइल नंबर किंवा ईमेल देऊन खातं उघडावं लागतं. त्या ॲपमध्ये एक 'घर' तयार करायचं, त्यात खोल्या, खोल्यांना नावं. मग स्पीकरचं ॲप. त्याचं खातं वेगळं. तिथे जाऊन बल्बच्या कंपनीचं खातं जोडायचं, एकदा पासवर्ड द्यायचा, की पहिलं खातं दुसऱ्याला कायमची परवानगी देऊन टाकतं. पुढे स्पीकर सगळे दिवे आपणहून शोधून काढतो. आपण "लाइट लाव" म्हणतो तेव्हा, बहुतेक जोडण्यांमध्ये, तो आवाज इंटरनेटवरून स्पीकरच्या कंपनीच्या संगणकावर जातो, तिथून हुकूम बल्बच्या कंपनीकडे आणि तिथून परत आपल्या घरात. दोन हातांवरचा दिवा लागायला एवढा प्रवास! आणि हुकूम बाहेरूनच येत असल्यामुळे तो हॉलमधून आला की बंगळूरहून, दिव्याला फरक पडत नाही. शिवाय स्पीकरचं ॲप बोललेल्या हुकमांची वेळेसकट नोंद ठेवतं, खातेदाराला वाचता-ऐकता येईल अशी. 'रात्री अकराला दिवा जावा' असं वेळापत्रकही तिथेच लावता येतं. एकदा लावलं की माणसाला बोटही हलवावं लागत नाही.

आता या सगळ्यात बाई कुठे आहे? ती बोलू शकते. पण खातं तिचं नाही. यंत्र तिचं ऐकतं आणि सांगतं मात्र त्याला.

आपण ज्या घरात राबतो ते घर आपल्या नावावर नसतं, हे आपल्याला सात-बाऱ्याने शिकवलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मी मुक्ती'मध्ये नवऱ्यांना सांगितलं गेलं की जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा. तेव्हाही लोक म्हणालेच, नावात काय आहे, घर दोघांचंच तर आहे. नावात काय आहे हे बाईला बाहेर काढतात त्या दिवशी कळतं. या 'स्मार्ट' घराचा सात-बारा म्हणजे हे खातं. फरक एवढाच की सात-बारा तलाठ्याकडे बघायला तरी मिळतो.

आणि खातं त्याचंच का? कारण "सेटिंग" हे पुरुषाचं काम. मिक्सरची भांडी, कुकरची शिट्टी, गॅसची नळी, हे सगळं बाई सांभाळते, त्याला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही. पासवर्ड आला की ते तंत्रज्ञान. जाहिरातीत मात्र पुढे बाईच. कणकेचे हात, कडेवर मूल, आणि हाक मारताच दिवा लागतो म्हणून हसणारी. अलेक्सा अमेरिकेत २०१४ साली आली, भारतात २०१७ मध्ये, गूगलचा बोलका डबा त्यानंतर वर्षभरात. या यंत्रांना सुरुवातीपासून बाईचाच आवाज का, आणि अपमानालाही ती गोडच का उत्तरतात, असा प्रश्न युनेस्कोच्या अहवालाने २०१९ मध्ये विचारला. आपल्या घरातली मुलं एका अदृश्य बाईला दिवसभर हुकूम सोडायला शिकताहेत. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवं.

'चोचले' म्हणणाऱ्या मैत्रिणीला माझं उत्तर त्या घरात धुणी-भांडी करणाऱ्या बाईने दिलं. "बटणाला हात लावू नका" हे तिलाही बजावलेलं. मालकीण कामावर असताना ती अंधाऱ्या न्हाणीघरात मोबाइलच्या उजेडात कपडे भिजवायची, कारण यंत्राशी काय बोलायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरकामगारांच्या संघटना बसायला जागा आणि चहाचा कप यासाठी झगडत आल्या. त्यात आता दिव्याचीही भर घाला, आणि खोलीत माइक आहे हे सांगण्याची.

हे आमच्या एकाच केंद्रातलं नाही. जून २०१८ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'ने दिवे, कुलुपं, घरातलं तापमान राखणारी यंत्रं वापरून होणाऱ्या छळाची मोठी बातमी केली होती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये घरातले दिवे-हीटर चालवणाऱ्या भिंतीवरच्या यंत्रातून वेगळ्या राहणाऱ्या बायकोचं बोलणं ऐकणाऱ्या नवऱ्याला अकरा महिन्यांची कैद झाली.

आमच्या बाईला एका पोलीस चौकीत सांगितलं, "लाइट गेली तर महावितरणला फोन करा." विनोद बरा होता, कायदा कच्चा होता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ३ काढून बघा. सामायिक घरातल्या ज्या सोयी-सुविधा वापरण्याचा बाईला हक्क आहे त्यांवर बंदी किंवा मर्यादा घालणं हा त्यात आर्थिक छळ आहे. मानसिक छळ तर आहेच. दिवा ही सोय नव्हे तर काय? उलट २०२३ चा नवा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा पाहा. एखाद्या व्यक्तीने खाजगी किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागूच नाही. म्हणजे कंपनीने तिची नोंद वापरली तर जाब विचारता येईल, नवऱ्याने वापरली तर ती घरातली गोष्ट. 'जे खाजगी ते राजकीय' म्हणत आपण इतकी वर्षं घालवली आणि उंबऱ्यावर कायदा पुन्हा चप्पल काढून उभा!

तंत्राची सबब सांगू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी मिळून 'मॅटर' नावाचं समान मानक आणलं. त्यात एकच बल्ब एकापेक्षा जास्त यंत्रणांच्या ताब्यात देता येतो आणि हुकूम घरातल्या घरात फिरू शकतो. दोन किल्ल्या शक्य आहेत. पण दुसऱ्या किल्लीची परवानगी द्यायची पहिल्या किल्लीवाल्याने. आपली मागणी इथे हवी : घरात दोन प्रौढ माणसं असतील तर जोडणी करतानाच दोन सारखी खाती, आणि बाहेरून कुणी दिवा बंद केला तर घरात असणाऱ्याला ते दिसलं पाहिजे. आणि भिंतीवरचं बटण निकामी करणारी कुठलीही 'सोय' बिल्डरने फ्लॅटबरोबर गळ्यात मारू नये.

केंद्रात काम करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. बऱ्याच बल्बांची जुनी जोडणी ते ठरावीक वेळा चालू-बंद केल्यावर पुसली जाते. ते शिकवायचा मोह होतो. मलाही झाला. पण आधी नोंदी आणि वेळापत्रकं यांचे फोटो काढून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा वकील मैत्रिणीला लवकर बोलवा. आणि एकदम ताबा सुटला की हा माणूस काय करेल, तिथे येऊन उभा राहील का, हे बाईला विचारल्याशिवाय काहीही तोडू नका. त्याला सगळ्यात आधी कळणार आहे.

आमच्या बाईचा अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेला आहे. चिकटपट्ट्या तिने स्वतः काढल्या. स्पीकर मात्र ठेवला, नव्या खात्यावर, कारण धाकटीला गोष्टी ऐकायला आवडतात.

आमच्या नोंदणी-अर्जात 'घर कोणाच्या नावावर?' या ओळीखाली आता आणखी एक ओळ छापली आहे : 'घरातले दिवे, कुलूप, कॅमेरा, स्पीकर मोबाइलवर चालतात का? खातं कुणाचं? पासवर्ड कुणाला माहीत?' पहिल्या काही बायांनी तिथे फुली मारली आणि मग खोडून 'विचारून सांगते' असं लिहिलं. तुमच्या केंद्रात काय उत्तरं येतात, ती पुढच्या अंकाआधी आम्हाला कळवा.