आगटी, शेगडी आणि बार्बेक्यू

मार्गशीर्ष अमावस्या आली की धाराशिव जिल्ह्यातील गावे ओस पडतात आणि शिवारे गजबजतात. वेळा अमावस्येला कडब्याची कोप उभारली जाते, अंबील आणि भज्जीचे जेवण शेतातच होते. पुढे रब्बी ज्वारीच्या कणसांत दाणा भरू लागतो, पण तो अजून हिरवा आणि मऊ असतो, तेव्हा हुरड्याचे दिवस सुरू होतात. बांधाजवळ आगटी पेटते, कणसे निखाऱ्यांत खोचली जातात आणि गरम हुरडा तळहातावर चोळून पाहुण्यांपुढे ठेवला जातो.

अलीकडे या आगटीच्या शेजारी एक नवे साधन दिसू लागले आहे. शहरातून सुट्टीला आलेली मुले आणि नातवंडे ते सोबत आणतात. काही घरांच्या गच्चीवर ते कायमचे ठाण मांडून बसले आहे. लोखंडी पात्र, वर जाळी, त्यावर झाकण आणि खाली पाय अशा या साधनास बार्बेक्यू म्हणतात. परदेशात त्यावर बहुधा मांस भाजले जाते, म्हणून काही श्रावक कुटुंबे त्याकडे संशयाने पाहतात. काही कुटुंबे हौसेने ते विकत घेतात. पण कोणता भाग कशासाठी आहे हे ठाऊक नसल्याने पनीर बाहेरून करपते, आतून थंड राहते आणि धुराने डोळे चुरचुरतात. दोन्हीकडे अडचण एकच आहे, ती म्हणजे साधनाशी नसलेला परिचय.

बाहेर भाजण्याचे कोणतेही साधन घेतले तरी त्यात चार गोष्टी असतात. अग्नीची जागा, हवेची वाट, राखेची वाट आणि अन्न व अग्नी यांमधील अंतर. या चार गोष्टी ओळखता आल्या की साधन देशी असो वा विदेशी, ते हाताळता येते.

प्रथम आगटी पाहावी. जमिनीत उथळ खड्डा खणतात, त्यात गोवऱ्या रचून पेटवतात. ज्वाला ओसरेपर्यंत कोणी कणसास हात लावत नाही, कारण ज्वालेत कणीस काळे पडते आणि निखाऱ्यात ते शिजते. निखाऱ्यांवर साचलेली राख उष्णता मंद ठेवते. आगटी मंदावली तर राख झटकतात, फार तापली तर राख वर ओढतात. खड्ड्यामुळे वारा थेट निखाऱ्यांवर येत नाही. म्हणजे आगटीत हवेचे नियमन राखेने आणि अंतराचे नियमन हाताने होते.

घरातील जुनी कोळशाची शेगडी ही त्यापुढची पायरी. तिच्या पोटात जाळी असते. जाळीवर लोणारी कोळसा राहतो, राख खालच्या कप्प्यात पडते आणि त्याच कप्प्याच्या तोंडातून हवा वर चढते. तोंडाशी पंख्याने वारा घातला की कोळसा फुलतो. तोंड राखेने बुजले की शेगडी विझू लागते. भूम तालुक्यात खव्याच्या भट्टीवर काम करणाऱ्यासही हेच भान ठेवावे लागते. दूध आटत आले की जाळ कमी करावा लागतो, नाहीतर खवा कढईला लागतो.

बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. तेथे तो अग्नीवर उभारलेल्या काठ्यांच्या मचाणाचे नाव होता. आज सर्वत्र दिसणारे गोल, झाकणाचे रूप त्यास अमेरिकेत मिळाले. शिकागो परिसरातील एका धातुकाम कारखान्यात काम करणारे जॉर्ज स्टीफन उघड्या शेगडीवरील वारा आणि धूर यांना कंटाळले होते. त्यांच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे धातूचे गोल बोये तयार होत. १९५२ साली त्यांनी अशा गोळ्याचे दोन भाग वापरून एकाचे पात्र व दुसऱ्याचे झाकण केले.

या साधनाची अंगे खालून वर पाहावीत. सर्वांत खाली राख झेलणारी थाळी असते. तिच्या वर, पात्राच्या तळाशी, सरकत्या झडपेची छिद्रे असतात. ही हवेची येण्याची वाट. पात्रात खालची जाळी असते, तिच्यावर कोळसा राहतो. काही बोटे अंतर सोडून वरची जाळी बसवलेली असते, तिच्यावर अन्न ठेवतात. सर्वांत वर झाकण, त्यात पुन्हा झडपेची छिद्रे आणि बहुधा एक तापमापक असतो. वरची छिद्रे हवेची आणि धुराची जाण्याची वाट. खालची झडप उघडली की उष्णता वाढते, अर्धी मिटली की कमी होते. वरची झडप मात्र भाजताना उघडीच ठेवावी, अन्यथा धूर आत कोंडून अन्नास कडवट वास येतो.

झाकणामुळे एक नवी सोय झाली. उघड्या शेगडीवर अन्नास उष्णता खालूनच मिळते. झाकण लावले की तापलेली हवा आत फिरते आणि पदार्थ सर्व बाजूंनी शिजतो. म्हणून जाणकार कोळसा पात्रात सर्वत्र पसरत नाहीत, एका अर्ध्यात ठेवतात. मक्याचे कणीस, ढोबळी मिरची, अननसाच्या फोडी कोळशाच्या वर झटपट भाजतात. भरलेली मिरची किंवा पनीरचे जाड तुकडे प्रथम कोळशावर रंग येईपर्यंत ठेवतात, मग दुसऱ्या अर्ध्यात सरकवून झाकण लावतात. बाहेरून करपणे आणि आतून थंड राहणे या तक्रारीवर हाच उपाय आहे.

गॅसवरील बार्बेक्यूत कोळशाच्या जागी बर्नरच्या नळ्या असतात. त्यांच्यावर तिरके पत्रे बसवलेले असतात. ते उष्णता पसरवतात आणि ओघळणारे तेल किंवा तूप ज्योतीवर पडू देत नाहीत. ते ओघळ खालच्या काढत्या थाळीत जमतात. ही थाळी साचू दिली तर तीच एके दिवशी पेट घेते, म्हणून प्रत्येक वापरानंतर ती रिकामी करावी. गॅस पेटवताना झाकण उघडेच असावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर उडून जात नाही, तळाशी साचतो. बंद झाकणाखाली साचलेल्या गॅसला ठिणगी मिळाली तर भडका उडतो. नळीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे आले तर जोड गळतो आहे असे समजावे.

आता श्रावकाच्या घरापुरते काही विशेष. अग्नी पेटवण्यापूर्वीची यतना ही येथे सर्वांत महत्त्वाची. रचून ठेवलेल्या गोवऱ्यांत वाळवी, मुंग्या, विंचू आश्रय घेतात. लाकडाच्या सालीखाली किडे असतात. सरपण उजेडात एकेक करून पाहावे, झटकावे आणि मगच आगटीत ठेवावे. लोणारी कोळसा त्यामानाने निर्धोक, पण पोते ओलसर जागी असेल तर तेही तपासावे. अनेक दिवस न वापरलेल्या बार्बेक्यूच्या नळ्यांत आणि छिद्रांत कोळी जाळे विणतो, मुंग्या घर करतात. म्हणून पेटवण्याआधी झाकण, दोन्ही जाळ्या आणि थाळी काढून मऊ कुंच्याने पात्र पुंजून घ्यावे. कणसे आणि हरभऱ्याचे घाटेही सोलून, अळी नाही याची खात्री करून घ्यावीत.

लेपाकडेही लक्ष हवे. बाजारातील पनीर टिक्क्याच्या कृतीत कच्चे दही आणि बेसन एकत्र येतात. तो द्विदल होतो. दही वापरायचे तर बेसन टाळावे, बेसन हवे असेल तर दह्याऐवजी लिंबाचा रस घ्यावा. ओवा, जिरे, मिरे आणि हिंग यांनी आले-लसणाची उणीव भासत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. डिसेंबरअखेर धाराशिव परिसरात सूर्यास्त सुमारे सहा वाजता होतो. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, आधी जेवण आटोपण्याचा नियम पाळणाऱ्या घरात पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत हात धुतलेले असावेत. भाजणे आणि जेवण यांस तास-सव्वा तास लागतो. कोळशावर पांढरी राख चढून तो भाजण्यायोग्य होण्यास आणखी अर्धा-पाऊण तास. हिशेब उलटा मांडला तर अग्नी तीन-सव्वातीनला पेटला पाहिजे. पाच वाजता कोळसा पेटवणारे कुटुंब एकतर कच्च्या ज्वालेवर अन्न जाळते किंवा नियम मोडते.

भाड्याने किंवा उसनवार आणलेल्या बार्बेक्यूबाबत वेगळा विचार हवा. बिडाच्या जाळीत पूर्वीच्या स्निग्ध पदार्थाचा अंश मुरलेला राहतो, तो नुसत्या धुण्याने जाईलच असे नाही. घरची जाळी स्वतंत्र ठेवणे हा सोपा मार्ग. जुन्या पिंपाचे दोन भाग करून शेगडी बनवून घेणाऱ्यांनी पिंपात पूर्वी काय होते हे विचारावे. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे पिंप कदापि वापरू नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्राही टाळावा, कारण तीव्र तापल्यावर त्यातून अपायकारक धूर निघतो. जाळी घासण्यास तारेचा ब्रश वापरल्यास तुटलेली तार अन्नात जाण्याचा धोका असतो, काथ्या बरा.

सर्वांत गंभीर धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. हुरड्याचे दिवस थंडीचे असतात. सायंकाळी गारठा वाढला की धगधगणारी शेगडी खोलीत, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा दार लोटलेल्या कोपीत नेण्याचा मोह होतो. निखाऱ्यातून धूर येत नाही, म्हणून ती निर्धोक वाटते. प्रत्यक्षात कोळसा फुललेला असेपर्यंत त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. या वायूस रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. म्हणून कोळशाची शेगडी, आगटीतील निखाऱ्यांचे घमेले किंवा बार्बेक्यू बंद जागेत कधीही ठेवू नये. खिडकी किलकिली ठेवणे हा त्यावर भरवशाचा उपाय नव्हे. कोणास अशी लक्षणे जाणवली तर त्यास तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे आणि रुग्णालय गाठावे.

शेतातील धोका ठिणगीचा. कडब्याची गंजी, वाळलेले गवत आणि उसाचे पाचट यांपासून आगटी दूर असावी, वाऱ्याची दिशा पाहून ती खणावी आणि जवळ मातीचे घमेले भरून ठेवावे. दुपारचा वारा सायंकाळी दिशा बदलू शकतो.

जेवण झाल्यावर आगटीकडे पाठ फिरवण्याची घाई करू नये. बार्बेक्यूच्या खालच्या आणि वरच्या दोन्ही झडपा मिटल्या की हवा न मिळाल्याने कोळसा आपोआप विझतो. पाणी खर्च होत नाही आणि उरलेला कोळसा पुढील वेळी कामास येतो. आगटीवर माती ओढून दाबावी. राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो, म्हणून ती राख त्याच संध्याकाळी उकिरड्यावर किंवा प्लॅस्टिकच्या बादलीत टाकू नये. सकाळी हात लावून ती थंड झाल्याची खात्री करावी आणि मगच खतात मिसळावी.