जपानी सुरी आणि घिसाड्याची विळी

भाचा जपानात नोकरीला आहे. या खेपेला सोलापूरला आला तो ओसाकाजवळच्या साकाईची, हाताने घडवलेली सुरी घेऊन. त्याने ती माझ्यापुढे धरताच सासूबाई ओरडल्या, "खाली ठेव आधी! धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडणं होतात."

मऊ लोखंडाच्या पोटात कडक पोलाद. मूठ मॅग्नोलियाची, म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या कुळातल्या लाकडाची. कांद्यावर टेकवली मात्र, पाटाला लागलीसुद्धा! डोळ्यांना पाणी आले, पण रोजच्यापेक्षा कमी. टोमॅटो न चेंगरता कागदासारखा उतरला. जन्म विळीवर गेलेल्या मला हार मानावीच लागली.

मग सूचना सुरू झाल्या. "मावशी, लाल भोपळा नको, सुके खोबरे नको, धारेची कपची उडते. लिंबू चिरलंस की लगेच पूस, नाहीतर गंजेल." सासूबाई हसल्या. पुसायचा धडा त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दिला होता. भोपळा मात्र आमची विळी मुकाट्याने कापते.

साकाईत लोहार वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. पात्यावर छिन्नीने नाव कोरलेले. ते भाच्याने वाचून दाखवले. किंमत आठ हजारांच्या घरात. त्याने घासाघीस केली नव्हती.

मी केली होती. काही वर्षांपूर्वी आमच्या कोपऱ्यावर घिसाड्यांचे पाल पडले होते. नवरा सांडशीत लालभडक लोखंड धरायचा, बायको घण घालायची, पोरगी भाता ओढायची. ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलाद ठोकून, धारेला पाणी देऊन त्यांनी विळी केली. बाईने दीडशे सांगितले, मी शंभरावर आणले आणि गड जिंकल्याच्या थाटात घरी आले. तिचे नाव विचारायचे सुचलेही नाही.

जपान्यांना कारागिराची कदर आहे, असे आपण चहा पिताना सहज बोलतो. आमच्या विळीची धार त्या सुरीइतकी टिकत नाही, हे खरेच. पण ज्याला चार दिवसांत पाल उचलावे लागते, त्याच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या एका गावात भट्टी लावून बसलेल्या लोहाराची सफाई मागायची, आणि पैसे मात्र भंगाराचे द्यायचे?

संक्रांतीला सिद्धेश्वराचा गड्डा भरेल. तोवर कोपऱ्यावर भाता दिसला, तर विळीला नव्याने पाणी द्यायचे आहे. सांगतील ते पैसे देणार म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तू नको जाऊस. मी जाते."