वीसपैकी अठरा

परवा रात्री साडेदहाला एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, चार वर्षं पुण्यात आयसीयूला ड्यूटी करणारी पोरगी. रडत होती. इंग्लंडला जायचं म्हणून आयईएलटीएस दिली होती. तिथल्या नर्सिंग नोंदणीला बोलण्यात ७ बँड लागतो. ऐकणं, वाचणं, लिहिणं तिन्हीत बाई पास, बोलण्यात साडेपाच. सतरा-अठरा हजार रुपये फी गेली, रजा गेली, आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच.

"सर, विषय सोप्पा होता हो. शेजाऱ्याबद्दल बोला. एक मिनिट विचार करायला दिलं, कागद-पेन्सिल दिली. मी नुसती कागदाकडे बघत बसले. मॅडम म्हणाल्या सुरू करा, तर तोंडातून पहिलं 'आमच्या शेजारी' असं मराठीच आलं. पुढचं काही आठवत नाही."

पेशंटचं हृदय बंद पडल्यावर ज्या हातांना कंप सुटत नाही, ते हात एका बंद खोलीत समोरच्या एका माणसासमोर गार पडले. आता हिला भित्री कोण म्हणणार? पण म्हणतात ना. "आपल्या पोरांत कॉन्फिडन्सच नाही", "ग्रामीण भागातली मुलं बुजतात". हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी या जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतो, त्यामुळे ही पोरं का बुजतात ते मला नेमकं माहीत आहे. आणि त्यात माझा हात आहे.

सांगतोच आता. बारावीच्या इंग्रजीला ८० मार्कांचा पेपर आणि २० मार्क तोंडीचे. दहावीलाही तसंच. म्हणजे बोलण्याची परीक्षा बोर्डाने केव्हाचीच ठेवलेली आहे. ती घेतो कोण? जी पोरगी परवा रडत होती, तिला मी वीसपैकी अठरा दिले होते. तिचा आवाज वर्षभरात मी दोनदा ऐकला असेल, दोन्ही वेळा "प्रेझेंट सर". हजेरीपट समोर ठेवून एका बैठकीत अख्ख्या तुकडीला सतरा, अठरा, एकोणीस असे आकडे भरले. वरून सूचना एवढीच की निकाल खाली यायला नको. मी "हो" म्हटलं. मीच कशाला, तालुक्यातल्या स्टाफरूम फिरा, कोण कोण नाही म्हणालं ते मला सांगा.

शिकवणाऱ्यांना राग येईल. येऊ दे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. बारा वर्षं विषय शिकलेल्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा सलग दोन मिनिटं इंग्रजी बोलायची वेळ येते ती थेट अठरा हजार भरून, परक्या माणसासमोर, रेकॉर्डिंग चालू असताना. मग घाम नाही फुटणार तर काय होणार? कधीच विहिरीत न उतरलेल्याला समुद्रात ढकलायचं आणि वर म्हणायचं, घाबरू नकोस.

या घाबरण्यावर ज्यांचं दुकान चालतं त्यांचीही गंमत बघा. चौकाचौकात फ्लेक्स आहेत. आत गेलं की पाठ करायला उत्तरं देतात. कोणताही विषय येऊ दे, हीच सुरुवात, हाच शेवट, मधे चार जड शब्द. परीक्षकांना पाठ केलेलं उत्तर ओळखायचं प्रशिक्षण असतं, आणि त्याचे मार्क कापले जातात. शिवाय पाठांतराने भीती कमी होत नाही, वाढते. एक ओळ सुटली की पुढचं सगळं घसरतं. वरून "अ‍ॅक्सेंट सुधारा" म्हणून वेगळी फी! अहो, तिथे उच्चार समजतो का ते बघतात, गोऱ्यासारखा आहे का ते नाही. सांगली-सोलापूरच्या ढंगाचं इंग्रजी समोरच्याला स्पष्ट कळत असेल तर त्या ढंगाचा मार्क कोणी कापत नाही.

पोरीला परीक्षा कशी चालते तेच कोणी धड सांगितलं नव्हतं. फोनवर तासभर तेच बोललो. सगळा मामला ११ ते १४ मिनिटांचा. आधी घर, काम, आवडीनिवडी. मग कार्ड, एक मिनिट तयारी आणि जास्तीत जास्त दोन मिनिटं बोलणं. मग त्याच विषयावर थोडी खोल चर्चा. मार्क चार गोष्टींना, चौघींना सारखेच: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. तुमचं मत बरोबर की चूक याला मार्कच नाही. शेजारी खरा असायचीही गरज नाही, बिनधास्त रचून सांगा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, तो गुन्हा नाही. दोन मिनिटं झाली की परीक्षक मधेच थांबवतात. ही म्हणे, "थांबवलं तेव्हाच वाटलं आपण गेलो." अगं बाई, तो घड्याळाचा नियम आहे! आणि त्या एका मिनिटात वाक्यं लिहायची नाहीत, चार-पाच शब्द लिहायचे: कोण, कधीपासून, एक प्रसंग, मला काय वाटतं. अडकलीस की कागदावरचा पुढचा शब्द धरायचा.

मग तिला म्हटलं, आता शेजाऱ्याबद्दल मराठीत दोन मिनिटं बोल, मी घड्याळ लावतो. पस्तीस सेकंदांत थांबली. हसायला लागली. खोटं वाटत असेल तर ही पोस्ट वाचून झाल्यावर स्वतः करून बघा, मोबाइलवर रेकॉर्ड करून. आपल्याला उभं राहून, सलग, एका गोष्टीवर बोलायची सवय मातृभाषेतही नाही. वर्गात बोलणाऱ्याला आपण बारा वर्षं "गप्प बस" म्हणतो. अर्धी भीती तिथली आहे, आणि तिचं खापर बिचाऱ्या इंग्रजीवर फुटतं.

"एवढी मुलं, वेळ कुठाय?" हे उत्तर मला पाठ आहे, मीच देत आलोय. हिशेब केला. माझ्या वर्गात ऐंशी पोरं. प्रत्येकी दोन मिनिटं धरली तर १६० मिनिटं, म्हणजे ४० मिनिटांचे चार तास. ये-जा, कुजबुज, लाजणं धरून सहा तास म्हणा. अख्ख्या वर्षात सहा तास मिळत नाहीत? स्नेहसंमेलनाच्या तयारीला पंधरा दिवस वर्ग बंद असतात तेव्हा कुठून मिळतात? तोंडी परीक्षेचं रेकॉर्डिंग सक्तीचं करा, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. बोर्डाने प्रत्येक शाळेतली दहा रेकॉर्डिंग मागवून ऐकली तरी हे सतरा-अठरा-एकोणीस दुसऱ्या दिवशी बंद होतील. निकाल खाली येईल? येऊ दे की. पालकांनो, तुमच्या मुलाला आज रात्री विचारा, तोंडीत तुला काय विचारलं होतं? "काहीच नाही" असं उत्तर आलं तर ते मार्क घेऊन शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना हाच प्रश्न विचारा. माझ्या वर्गातले पालक असाल तर माझ्याकडे या.

यंदाची तोंडी मी घेतोय. दिवाळीनंतर, रोल नंबरप्रमाणे, रोज दहा जण. स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सहकारी म्हणाले, "सर, तुम्हाला रिटायरमेंटच्या तोंडावर काय सुचलं हे?" त्यांना त्या फोनबद्दल सांगितलं नाही.

पोरगी पुन्हा फॉर्म भरतेय. तोपर्यंत रोज रात्री ड्यूटीवरून आली की मला दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवते. काल विषय होता लहानपणची शाळा. एक मिनिट चाळीस सेकंद बोलली. माझ्याबद्दल बरंच चांगलं बोलली, ते मला ऐकवलं नाही.