नुसती डोकी मोजणाऱ्यांस

"किती आहेत ते सांगा, कुठे आहेत याच्याशी काय कर्तव्य?" एक परिसरशास्त्री हल्ली व्याख्यानाव्याख्यानांतून हा सवाल टाकतात आणि सभागृह माना डोलावतं. जन्म, मृत्यू आणि अन्न कळलं की गणित सुटलं. जागा हा किरकोळ तपशील. शिवाय एका अन्नावर दोन जाती टिकत नाहीत हे गॉझ या शास्त्रज्ञाने १९३४ सालीच दाखवलंय, मग वाद कसला?

पण गॉझचे पॅरामेशियम, म्हणजे एकपेशीय जीव, काचेच्या नळीत होते. नळीत सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडते. रानात पडते?

कॅलिफोर्नियातल्या हफेकरचा १९५८ सालचा प्रयोग बघा. संत्र्यावर जगणारा एक कोळी (माइट) आणि त्याला खाणारा दुसरा. (विदर्भातल्या बागायतदाराला कोळी काय ते सांगायला नको.) संत्री जवळजवळ ठेवली, तर शिकाऱ्याने भक्ष्य फस्त केलं आणि मग स्वतः उपाशी मेला. संत्री विखरून मधे रबरी चेंडू ठेवले, तरी तेच. परिसरशास्त्री खूश! मग हफेकरने वाटेत व्हॅसलीनचे बांध घातले आणि लाकडी खुंट्या रोवल्या. भक्ष्य कोळी खुंटीवर चढे, रेशमी धागा सोडी आणि वाऱ्यावर दुसरं संत्रं गाठी. शिकारी मागून पायी. एका संत्र्यावर निर्वंश होईतो दुसरीकडे वस्ती उभी. दोघांच्या संख्येचे तीन चढउतार झाले, मगच खेळ आटोपला. कोळी तेच, भूक तीच. बदलली ती मांडणी. "शेवटी मेलेच ना?" मेले. पण तुमच्या गणिताप्रमाणे पहिल्याच फेरीत मरायला हवे होते.

जिवाणूंचंही तेच. ई. कोलायचे तीन वाण हलत्या चंबूत ठेवले तर एकच उरतो आणि न ढवळलेल्या थाळीवर तिघे नांदतात, हे २००२ पासून छापून आलेलं आहे.

रस्त्यासाठी रान तोडून भलत्याच तालुक्यात तेवढी रोपं लावायची, हीसुद्धा नुसती डोकेमोजणीच, आणि तिच्यावरही मागे भांडून झालंय. तेव्हाही बेरीज जुळल्यावर टाळ्या पडल्या होत्या. शेकरूला फांदीला फांदी भिडलेली लागते, पण त्याला सभेचं निमंत्रण नव्हतं.

आमचं म्हणणं साधं आहे: कोण तगतं हे जागेवरही ठरतं. आईझाडाच्या बुडाशी पडलेल्या बिया त्याच जातीच्या किडी-बुरशीच्या तावडीत सापडतात, दूर गेलेल्या तगतात आणि बुडाशी दुसऱ्या जातीला जागा होते, असं जेन्झनने १९७० साली आणि कॉनेलने १९७१ साली मांडलं. तेव्हा संख्येबरोबर जागाही टिपा. मुदुमलईच्या रानातल्या ५० हेक्टरांच्या अभ्यासक्षेत्रात झाडांची जागा टिपलेली आहेच. "खर्च फार येतो" म्हणे! मोजणारा झाडापाशी जातोच की. जागा लिहायला त्याला वेगळी वारी करावी लागत नाही.