जड ते खाली, जहाल ते वर



गोठ्यात वासरू जन्मले, की दावे कुठे बांधायचे, गव्हाण किती उंच ठेवायची, याचा आपण लगेच विचार करतो. घरात मूल रांगू लागण्याच्या बेतात असते, तेव्हा मात्र कपाट, मांडणी, पेटी यांच्याकडे तेवढ्या बारकाईने कोणी पाहत नाही. मूल सात-आठ महिन्यांचे झाले की रांगू लागते. पुढे वर्षाच्या आत हाताला लागेल ते धरून उभे राहते. हाताला लागते ते कपाटाचे दार, खणाची मूठ, नाहीतर टीव्हीच्या टेबलावरचे कापड.

कपाट कलंडते कसे, ते पाहा. बंद कपाटाचा भार त्याच्या चार पायांच्या आत पडतो. दार उघडले, खण बाहेर ओढले, की भार पुढे सरकतो. त्यातच मुलाने खणाची पायरी केली, तर मागचे पाय उचलतात आणि कपाट मुलाच्या अंगावर येते.

आपल्या पेण-रोह्याकडे यात दोन कारणांची भर पडते. सारवलेली जमीन थोडी उंचसखल असते, म्हणून आपण पायाखाली विटेचा तुकडा सारतो. तो कधी निसटेल याचा नेम नसतो. दुसरे कारण पावसाळ्याचे. खारपाटातल्या गावांत आणि कुंडलिकेच्या काठी पाणी शिरण्याच्या धास्तीने आपण भांडी, डबे, ट्रंका कपाटावर चढवतो. पाणी ओसरते, सामान मात्र दिवाळीपर्यंत वरच राहते. माथा जड झालेले कपाट लवकर कलंडते.

ही भीती उगाच नाही. अमेरिकेत खणांची कपाटे उलटून लहान मुले दगावली, तेव्हा जून २०१६ मध्ये आयकिया कंपनीला तिथे सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत मागवावी लागली. १ सप्टेंबर २०२३ पासून त्या देशात कपडे ठेवण्याच्या कपाटांना न कलंडण्याची चाचणी सक्तीची आहे. ती सव्वादोन फूट उंचीच्या कपाटालाही लागू आहे. तेव्हा ठेंगणे आहे म्हणून कपाट निर्धोक समजू नये.

उपाय साधा आहे. लोखंडी काटकोनी पट्टी घ्यावी. तिची एक बाजू कपाटाच्या माथ्याला आणि दुसरी भिंतीला स्क्रूने पक्की करावी. अशा दोन पट्ट्या दोन टोकांना लावाव्यात. विटेच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीत आधी भोक पाडून लाकडी खुंटी घट्ट बसवावी व स्क्रू तिच्यात पिळावा. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. तिथे कपाट खांबाशी आणून खांबालाच बांधावे. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, म्हणून जस्त चढवलेले स्क्रू घ्यावेत आणि दरवर्षी पावसाळ्याआधी ते तपासावेत. टीव्हीही असाच बांधावा आणि टेबलावरचे लोंबते कापड काढून टाकावे.

हमरापूर-जोह्याकडे ज्यांच्या घरालाच लागून गणपतीचा कारखाना आहे, त्यांनी मूर्तींच्या फळ्यांची मांडणीही भिंतीला जखडावी. जड मूर्ती खालच्या फळीवर ठेवाव्यात.

ओटीवरच्या झोपाळ्याची फळी नेमकी रांगत्या मुलाच्या डोक्याशी येते. कोणी बसलेले नसेल तेव्हा तो वर अडकवून ठेवावा. त्याच्या कड्यांचा गंजही पाहावा. मोठ्या पेटीला कडी-कुलूप असावे. लपाछपी खेळताना मूल आत शिरले आणि झाकण पडले, तर ते आत गुदमरते.

आता फवारणीच्या औषधाविषयी. ते पुष्कळ घरांत फडताळाच्या खालच्या कप्प्यात, रॉकेलच्या बाटलीशेजारी असते. डब्यावरच्या चौकोनात खालचा त्रिकोण लाल असेल, तर औषध अत्यंत विषारी समजावे. त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. पण हिरव्या खुणेचे औषधही मुलाच्या हाती लागता कामा नये. औषध मूळ डब्यातच, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, भिंतीतल्या कुलूपबंद कप्प्यात ठेवावे. सरबताच्या बाटलीत ते कधीही ओतू नये. चुकून मुलाच्या पोटात गेलेच, तर मनाने उलटी करवू नका. डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

जड सामान खाली, जहाल औषध वर आणि कुलपात, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. या आठवड्यात सवड काढून घरात जमिनीवर बसा आणि मुलाच्या उंचीवरून चौफेर नजर टाका. प्रत्येक कपाट, मांडणी, टेबल हाताने हलवून पाहा. जे डुगडुगेल, त्यापासून बांधायला सुरुवात करा. चार स्क्रू आणि अर्ध्या तासाचे हे काम पेरणीच्या घाईआधी उरकून घ्या.