घरच्या संगणकाची कार्यप्रणाली बदलावी का?

घरातील एखादी वस्तू केव्हा बदलावी, याचे काही साधे ठोकताळे आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले आहेत. पितळी पातेल्याला कल्हई करून घ्यावी, छत्रीची मोडलेली काडी बदलून घ्यावी, शिवणयंत्राला वेळच्या वेळी तेल द्यावे आणि वस्तू अगदीच कामातून गेली म्हणजे मगच नवी आणावी, अशी ही रीत आहे. संगणक मात्र या रीतीत बसत नाही. तो रोज नीट सुरू होतो, त्यावर मुलांचा अभ्यास होतो, घरातील जमाखर्च ठेवला जातो. आणि एके दिवशी पडद्यावर सूचना झळकते की, या संगणकाच्या कार्यप्रणालीचा आधार अमुक तारखेला संपत आहे. यंत्र तर बिघडलेले नाही; मग संपले ते काय, असा प्रश्न घरातील कर्त्या माणसाला पडतो. हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही.

कार्यप्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. यंत्राचे सुटे भाग आणि माणसाचे काम यांच्यामध्ये उभी असलेली ही व्यवस्था होय. ती माणसांनीच लिहिलेली असते, लक्षावधी ओळींची असते आणि म्हणून तिच्यात चुका राहतात. त्यांतील काही चुका म्हणजे चोराला आत शिरण्याजोग्या फटीच असतात. वर्षानुवर्षे अशा फटी सापडत जातात आणि कंपनी त्या बुजवण्यासाठी वेळोवेळी दुरुस्त्या पाठवत राहते. आधार संपला, म्हणजे हे बुजवणे थांबले. मायक्रोसॉफ्टची विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा आधार संपला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही तो तसाच चालला. या चालण्यामुळेच फसगत होते. नव्या प्रणालीतील एखादी फट बुजवली गेली की, ती दुरुस्ती अभ्यासून तशीच फट जुन्या प्रणालीत कोठे आहे, हे हल्लेखोराला शोधता येते. एका घराला नवे कुलूप बसवताना जुन्या कुलपाचा दोष सगळ्या गावाला कळावा, तसे हे आहे.

धोका किती खरा आहे, हे मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील माहिती कुलूपबंद केली आणि ती सोडवण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून हा प्रोग्राम शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला प्रसिद्ध केली होती. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला होता. तरीही या संकटामुळे कंपनीला तिच्यासाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. मात्र या घटनेतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बाधित संगणकांपैकी बहुसंख्य एक्सपीचे नव्हते. ते विंडोज ७ चे होते आणि त्या प्रणालीचा आधार तेव्हा चालू होता. दुरुस्ती उपलब्ध होती, पण ती बसवली गेली नव्हती. ‘अपडेट नंतर करू’ म्हणून वर्षभर ती सूचना बाजूला सारणाऱ्याने नवी प्रणाली घेऊनही फारसे काही साधत नाही.

तेव्हा ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, ज्यात आधार, पॅन अशा कागदपत्रांच्या प्रती आहेत आणि जो सतत इंटरनेटला जोडलेला असतो, तो आधार संपलेल्या प्रणालीवर चालवू नये. येथे काटकसरीचा युक्तिवाद लागू पडत नाही. वाचवलेले चार-पाच हजार रुपये आणि गमावलेली आयुष्याची पुंजी यांची तुलनाच होऊ शकत नाही.

परंतु याचा अर्थ कंपनी सांगेल तेव्हा निमूटपणे नवे यंत्र विकत घ्यावे, असा होत नाही. विंडोज ११ साठी ज्या अटी घालण्यात आल्या, त्या पाहिल्या तर सामान्य कुटुंबाची तक्रार रास्त वाटते. चार जीबी स्मृती आणि चौसष्ट जीबी साठवण या अटी फारशा कठीण नाहीत. अडचण होते ती ‘टीपीएम २.०’ या सुरक्षा-घटकाच्या आणि प्रोसेसरच्या अटीमुळे. इंटेलचे बहुतेक आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७च्या सुमारास व त्यानंतर आलेले प्रोसेसरच तेवढे या यादीत बसतात. त्यापूर्वीचे यंत्र कितीही धडधाकट असो, ते बाद ठरते. धडधाकट यंत्र केवळ कागदावरील अटीमुळे भंगारात जावे, हे ना घराच्या हिताचे, ना पर्यावरणाच्या. कंपनीलाही या अडचणीची जाणीव झाली असावी. कारण घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदतवाढ देऊ करण्यात आली. तीस डॉलर भरावेत किंवा संगणकाच्या सेटिंग्ज कंपनीच्या खात्यात साठवण्यास संमती द्यावी, असे तिचे स्वरूप होते. पैसे नकोत तर खाते द्या, हा सौदा फुकट म्हणवणाऱ्यांनी थोडा विचार करून म्हणावा.

बाद ठरल्याची सूचना दिसली तरी लगेच निराश होण्याचे कारण नाही. कित्येक यंत्रांत टीपीएम असतो, पण तो आतील सेटिंगमध्ये बंद ठेवलेला असतो. जाणकाराकडून तो चालू करून घेता येतो. मात्र ‘अटी चुकवून बसवून देतो’ असे सांगणाऱ्या दुकानदारापासून सावध राहावे. अशा यंत्राला पुढील दुरुस्त्या मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप करायचा, तेच हाती येत नाही.

मराठी वापरणाऱ्या घरांपुढे याखेरीज एक निराळीच अडचण असते. दोन दशकांपूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती अशा निरनिराळ्या फाँट-प्रणालींत टंकित होत असे. त्यांत अक्षरांचे संकेत प्रत्येकाचे वेगळे. एकीत लिहिलेले पत्र तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडले की, इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक जत्रा दिसते. युनिकोडमुळे पुढे ही अडचण दूर झाली. विंडोज २००० पासून देवनागरीला प्रणालीतच स्थान मिळाले. परंतु जुने लेखन आपोआप बदलले नाही. वडिलांनी लिहिलेली आत्मकथा, मंडळाच्या स्मरणिका, ग्रंथालयाची सूची असे कितीतरी लेखन आजही जुन्या फाँटमध्ये अडकून पडलेले आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांतील मराठी कुटुंबांना तर हे लेखन पुन्हा मिळवणे अधिकच अवघड. जुन्या फाँटचा जाणकार तेथे शेजारी सापडेलच असे नाही. त्यात विंडोज ११ केवळ ६४ बिटची आहे आणि तिच्यावर सोळा बिटचे अतिजुने प्रोग्राम मुळीच चालत नाहीत. म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वी असा सारा मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा आणि बदललेली प्रत मूळ प्रतीशी ताडून पाहावी. जोडाक्षरे आणि रफार यांत हमखास गफलत होते. हे काम कंटाळवाणे आहे. एका बैठकीत ते होत नाही. पण नव्या यंत्राच्या आनंदात वडिलांचे लेखन कायमचे वाचता न येण्याजोगे करून ठेवणे, ही हानी कोणतीही दुरुस्ती भरून काढत नाही.

विंडोजच हवी, असाही हट्ट नसावा. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभ केलेल्या लिनक्सवर आधारित उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या प्रणाली विनामूल्य मिळतात आणि जुन्या यंत्रांवर सुरळीत चालतात. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ ही अशीच प्रणाली तयार केली आहे. केरळमधील सरकारी शाळांतील मुले लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत. त्यामुळे ती केवळ तज्ज्ञांसाठी आहे, हा समज टिकणारा नाही. ज्यांचा व्यवसाय टॅलीसारख्या विंडोजसाठीच असलेल्या प्रोग्रामवर अवलंबून आहे, त्यांना हा मार्ग सोयीचा नाही. पत्रलेखन, वाचन, इंटरनेट आणि मुलांचा अभ्यास एवढेच ज्या घराचे काम आहे, त्याला तो पुरेसा आहे.

निर्णय कोणताही झाला, तरी आधी सर्व छायाचित्रे व कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवावीत आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडतात की नाही, हे पाहावे. विंडोज १० वरून ११ कडे गेल्यावर मागे परतण्यासाठी साधारणतः दहा दिवसच मिळतात. त्या दिवसांत घरातील मुद्रक, स्कॅनर आणि मराठी कळफलक यांची कसून तपासणी करावी. जुने यंत्र बदलण्याचीच वेळ आली, तर त्याची घाईने विल्हेवाट लावू नये. जुन्या फाँटमधील शेवटची फाइल युनिकोडमध्ये येऊन तपासून होईपर्यंत ते इंटरनेटपासून तोडून, एका कोपऱ्यात चालू स्थितीत ठेवावे. त्यानंतर डिस्कमधील माहिती पुसून ते ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.