तंबू घेतलाय, आता निघायचंय

गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी एक तंबू विकत घेतला. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, माझे पती बँकेत आहेत. दोघंही पंचेचाळिशीच्या आसपास. सासूबाईंनी पिशवी पाहिली आणि विचारलं, "हजचा फॉर्म भरला का तुम्ही?" त्यांचंही चुकलं नाही. आमच्या घरात खैमा म्हणजे मिनाचा. त्या आणि सासरे हजला गेले, तेव्हा पांढऱ्या तंबूंच्या त्या गावात राहून आले. डोंगरात झोपायला कुणी तंबू घेतं, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

तंबू घेताना आमचंही अज्ञान उघडं पडलं. 'दोन माणसांचा' म्हणजे दोन माणसं खांद्याला खांदा लावून झोपतील एवढाच, पिशव्या बाहेर. म्हणून तीन माणसांचा घेतला. वजन तीन किलोच्या आत, कापड दुहेरी. आतलं जाळीचं, बाहेरचं पावसासाठी. पहिल्या रविवारी गच्चीवर उभा करायला पाऊण तास लागला. गच्चीत खुंट्या ठोकता येईनात, म्हणून चारही कोपऱ्यांना विटा बांधल्या. शेजारच्या खाला कठड्यावरून म्हणाल्या, "मुलीच्या लग्नाचं बघायचं सोडून हे काय?"

मग आम्ही दोघं आत बसलो आणि बेत रचू लागलो. पहिलं कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. आम्ही संगमनेरचे, अकोले ओलांडलं की डोंगर सुरू होतात. बारी गावात कुणाच्या शेतात विचारून, भाडं देऊन तंबू लावायचा आणि पहाटे वर निघायचं. मग रतनवाडीतून रतनगड. मग पाचनईहून हरिश्चंद्रगड आणि कोकणकड्यावरचा सूर्यास्त.

बोलता बोलता हे थांबले. हळूच म्हणाले, "गावात नाव विचारलं तर?"

वीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न आमच्यात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला गेला. मी लगेच "त्यात काय?" म्हणाले नाही. ही भीती हवेतून आलेली नाही. रोजच्या बातम्या, मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ आम्हीही पाहतो. पण मला बीएडच्या वर्षातली सहल आठवली. तेव्हाही आम्ही बारीतूनच चढलो होतो. उतरल्यावर एका घरी पिठलं-भाकरी खाल्ली. त्या घरच्या मावशींनी नाव विचारलं, मी सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "अजून एक भाकरी वाढू का?" एका मावशींवरून सगळं जग चांगलं ठरत नाही, हे मला कळतं. मग एका व्हिडिओवरून सगळं जग वाईट का ठरवायचं?

आणि सगळा दोष बाहेरच्यांवर टाकून आपल्याला मोकळं होता येत नाही. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत. बातमी मी वर्गात वाचून दाखवली आणि विचारलं, किल्ला कुणी कुणी पाहिलाय? दोन हात वर आले. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास हीच मुलं उर्दूतून शिकतात, परीक्षेत किल्ल्यांची नावं न चुकता लिहितात. पण तिथं त्यांना नेलं कुणी? आपलं फिरणं म्हणजे नातेवाइकांची लग्नं, मामाचं गाव, फार तर एखाद्या दर्ग्याचा उरूस. लग्नात एका जेवणावळीला आपण लाखभर रुपये सहज उडवतो, आणि चार-पाच हजारांच्या तंबूला उधळपट्टी म्हणतो. पृथ्वीवर फिरा आणि पाहा, असं कुरआनात अनेकदा सांगितलंय. ते आपण तिलावतीत वाचतो आणि पुन्हा घरात बसतो.

जी जमीन आपण पायांनी ओळखत नाही, ती आपली आहे हे दुसऱ्याला कसं पटवणार? आधी आपल्या मुलांना तरी कसं पटणार? या डोंगरांवर आपला हक्क आहे का, याची परवानगी कुणाकडून आणायची नसते. तिथं जायचं असतं. कचरा परत आणायचा, गावकऱ्यांना नमस्कार-सलाम करायचा, वेळ झाली की एका बाजूला चादर टाकून नमाज पढायची. कुणी नाव विचारलं तर पूर्ण नाव सांगायचं.

हे मी यांना त्या दिवशी एवढं सगळं बोलले नाही. एवढंच म्हणाले, "विचारलं तर सांगू."

पाऊस सरला की पहिल्या दुसऱ्या शनिवारी निघतोय. मुलांनी येणार नाही म्हणून जाहीर केलंय. त्यामुळे तिसरी जागा रिकामी आहे. परवा सासूबाई आत वाकून बघत होत्या. "खाली गादी टाकता येईल का?" म्हणाल्या.